नक्कल मिळणेबाबत

आमच्या चाळीच्या पाठीमागे महापालिकेची एक लहान बाग आहे. तिच्या मोठ्या गेटवर कुणाचं तरी नाव लिहिलेलं आहे, पण भोईवाड्यात आम्ही तिला मागची बाग म्हणतो, कारण चाळीच्या बाजूला तिचं एक छोटं लोखंडी गेट आहे आणि आम्ही नेहमी तिथूनच आत जातो. दूध तापायला ठेवून जाऊन यावं आणि दूध उतू जाऊ नये, इतक्याच अंतरावर ते गेट. ह्यांना पक्षाघात झाल्यावर मात्र मी ते अंतर त्यांच्या चालीने चालायला शिकले, आणि त्या चालीत दुधाचं काही खरं नव्हतं.

हे म्हणजे माझे यजमान. कोर्टात शिपाई होते. निवृत्त झाल्यानंतर एका सकाळी दाढी करताना हातातला ब्रश गळून पडला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची पाळी आली आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द मिळत नव्हते. चहा हवा असला की म्हणायचे, "छत्री." मुलीचा फोन आला की म्हणायचे, "मंगळवार." समोरच्याचं बोलणं मात्र सगळं समजायचं. आपण चुकीचं बोललो हेही समजायचं, आणि ते समजणं बघवत नसे.

एक शब्द तेवढा पहिल्या दिवसापासून शाबूत राहिला होता, तो म्हणजे "अगं". इस्पितळात डोळे उघडले तेव्हा तोच म्हणाले, आणि नर्स म्हणाली, चला, बायकोला विसरले नाहीत.

आमच्या घरात बोलायचं काम त्यांचं होतं. मी लहानपणापासून बुजरी. गावी चौथीपर्यंत शिकले. अक्षर चांगलं म्हणून मास्तर मला फळ्यावर सुविचार लिहायला सांगायचे, पण तो वाचून दाखव म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पुढे मुलीच्या शाळेत, सगळीकडे हेच बोलायचे आणि मी त्यांच्या खांद्यामागे उभी असायची. नवीन नवीन असताना एकदा म्हणाले होते, "तू कशाला घाबरतेस? तुझ्या वाटचं मी बोलेन." बोललेही सगळी वर्षं. आता त्यांच्या वाटचं बोलायचं माझ्याकडे आलं होतं.

परळच्या इस्पितळात बोलायचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. ती म्हणाली, "काका जे बोलतील ते त्यांच्या मागून म्हणत जा. तुमचं तोंड त्यांना दिसलं पाहिजे. चूक बोलले तरी आधी त्यांचंच म्हणा, मग बरोबर शब्द द्या." मला लाज वाटायची, पण घरात दार लोटून मी तसं करू लागले. हे म्हणायचे, "छत्री." मी म्हणायची, "छत्री. चहा." हे म्हणायचे, "छ… चहा." पुढे पुढे दार लोटायचंही राहून गेलं.

शेजारच्या खोलीतली वहिनी मालवणकडची, जिभेला हाड नसलेली पण मनाची मऊ. ती गॅलरीत तांदूळ निवडत ऐकत असायची. एकदा म्हणाली, "गो, तू तर भावजींची नक्कल करतंस. तुका नाटकात घेतीत." हेसुद्धा हसले, तोंड एका बाजूला ओढून. मीही हसले. पण तो शब्द माझ्या मनात राहिला.

खरं बोलणं यायला लागलं ते बागेत. मागच्या गेटातून आत शिरलं की पायवाटेच्या कडेने झाडं आहेत आणि प्रत्येक झाडाला हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव लावलेलं आहे. घरी पेपर समोर धरला तर ह्यांच्या डोळ्यांपुढे ओळी मुंग्यांसारख्या पळायच्या आणि ते पेपर ढकलून द्यायचे. झाडावर एकच शब्द होता, मोठा, स्थिर. झाडापाशी थांबून दम खायचा आणि तेवढ्यात नाव वाचायचं. पहिलं झाड ताम्हण. दोनतीन आठवडे त्यांना नुसतं "ता, ता" यायचं. मी समोर उभी राहून ओठ दाखवायची. मग एक दिवस आलं. "ताम्हण." मी म्हटलं, "ताम्हण." त्यानंतर बकुळ आली, करंज आला, सोनमोहोर आला. कैलासपतीला वेळ लागला. मोठ्या गेटाजवळच्या झाडावर पर्जन्यवृक्ष असं लिहिलंय, त्याच्याकडे बघून त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, "पाऊस." आम्ही दोघं तिथल्या बाकावर बसून हसलो. मला वाटलं, एवढं जमतंय तर बाकीचंही येईल.

मग एका सकाळी आम्ही खाली उतरलो तर छोट्या गेटावर पत्रे ठोकलेले. आत लाद्यांचे ढीग दिसत होते. बागेचा वॉचमन पत्र्यापलीकडून म्हणाला, "काम आहे काकी, पुढून या."

पुढून म्हणजे चाळीला वळसा घालून मोठ्या रस्त्यावर जायचं आणि सिग्नलला तो ओलांडायचा. एकदा नेलं मी ह्यांना. आम्ही मधोमध असतानाच सिग्नल बदलला. एका टॅक्सीवाल्याने आपली गाडी आडवी लावून मागच्या सगळ्यांना थांबवलं आणि खिडकीतून म्हणाला, "आरामात, चाचा, आरामात." चांगला माणूस. पण मागचे हॉर्न थांबेनात, आणि ह्यांनी धरलेला माझा दंड पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मी चपला पुढे केल्या तर त्यांनी पाय पलंगावर घेतले.

काम काही होत नव्हतं. लाद्या तशाच, पत्रे तसेच. एक पावसाळा त्यांच्यावर गंज चढवून गेला. हे पलंगावर बसून राहू लागले. झाडांची नावं एकेक करून परत गेली, आधी कैलासपती, मग करंज. मी घरात विचारायची, "पहिलं झाड कुठलं?" हे बराच वेळ शोधायचे आणि म्हणायचे, "मंगळवार."

मुलगी डोंबिवलीला असते, कंपनीत कामाला आहे. फोनवर म्हणाली, "आई, तू माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. लेखी विचारलं की त्यांना लेखी उत्तर द्यावंच लागतं."

"तूच टाक ना गं. मला कुठं जमतंय."

"मी मोबाईलवरूनसुद्धा टाकीन. पण बाबांना घेऊन बस आणि तू लिही. आयुष्यभर कोर्टात कागदच वाहिले ना त्यांनी? त्यांना जरा बरं वाटेल."

ते मला पटलं. झेरॉक्सच्या दुकानात त्या अर्जाचा छापील नमुना मिळतो, तो आणला. संध्याकाळी ह्यांना उशी लावून बसवलं आणि पाटावर कागद ठेवून त्यांना दिसेल असं लिहू लागले. नाव, पत्ता झाला. मग हव्या असलेल्या माहितीचा तपशील अशी जागा होती. मी मोठ्याने म्हणत लिहिलं, "आमच्या बागेचे मागचे गेट का बंद केले आहे? ते कधी उघडणार?"

हे म्हणाले, "न… नक्कल."

मी सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "नक्कल."

त्यांनी मान जोरात हलवली. डाव्या हाताने कागदावर थापटी मारली. "नक्कल. नक्कल."

मला त्याच्या जागी कुठला शब्द द्यावा कळेना. बाईने शिकवल्याप्रमाणे मी परत म्हटलं, "नक्कल, नक्कल."

त्यांचा चेहरा लाल झाला. कागद पाटावरून खाली ढकलला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी पेनाला टोपण लावलं. वहिनीचं बोलणं मला आठवलं. इतके महिने मी ह्यांच्या वाकड्या शब्दांमागून वाकडे शब्द म्हणत होते, आणि ह्यांना ते असं लागत होतं. हसून सोडून देत असतील. आज शब्द सापडला तसं सांगून टाकलं की माझी नक्कल करू नकोस. आपल्याच माणसाला आपण चिडवत होतो, असं वाटून मला कुठं बघावं कळेना.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागून म्हणणं बंद केलं. हे "छत्री" म्हणाले की मी गुपचूप चहा ठेवायची. हे बोलून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि मी पाठ वळवून भांडी आवरायला घ्यायची. मला वाटायचं, मी त्यांचा मान ठेवतेय. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून मी तो वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत देऊन आले. खिडकीत नुसता सरकवायचा होता, बोलावं लागलं नाही.

उत्तर महिन्याभराने आलं. पाकिटावर श्रीमती म्हणून माझं नाव टाईप केलेलं. माझ्या नावाने घरी आलेलं ते पहिलं सरकारी पत्र, त्यामुळे मी ते कात्रीने नीट उघडलं. आत लिहिलं होतं की आपण विचारलेला प्रश्न "का" या स्वरूपाचा असून तो माहिती या संज्ञेत बसत नाही, सबब माहिती देता येत नाही. मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "नक्कल." ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी पाणी भरायला उठले.

गेट तसंच राहिलं असतं. मी पुन्हा कुठं गेले नसते. पण एका दुपारी मी मोरीत कपडे धूत होते आणि बाहेरून हाक आली, "छत्री." मी चहाचं आधण ठेवलं. परत हाक आली, "छत्री, छत्री." बाहेर येऊन पाहिलं तर त्यांना चहा नको होता. उशी खाली पडली होती आणि ते मला बोलवत होते. अगं म्हणायचं होतं. तो शब्द शोधत होते, ओठ जुळवत होते, आणि तो येत नव्हता.

मी उशी दिली, हात पुसले आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला ह्यांच्यापाशी बसवून वॉर्ड ऑफिसला गेले.

उद्यान खात्याच्या खोलीत टेबलाशी एक बाई बसली होती. उंच, कपाळावर चष्मा चढवलेला. मी दाराजवळच्या खांबापाशी उभी राहिले. लोक येत होते, बोलत होते, जात होते. प्रत्येक जण माझ्यानंतर येऊन माझ्याआधी गेला. शेवटी ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही उभ्या आहात की खांब धरून ठेवलाय? पडत नाही तो. या इकडे."

मी पत्र पुढे केलं. तिने चष्मा खाली ओढून ते वाचलं.

"का विचारलंत तुम्ही. का विचारलं की आमच्याकडे उत्तर नसतं. माझ्या सासूबाईसुद्धा रोज का विचारतात, त्यांनाही मी देत नाही." ती हसली. मी हसले नाही हे बघून म्हणाली, "काय अडचण आहे तुमची?"

मला वाटलं होतं, एक वाक्य बोलेन. पण ताम्हणीपासून पर्जन्यवृक्षापर्यंत सगळं बोलून गेले. शेवटी म्हटलं, "मालक बोलायचे त्या बागेत. आता माझी हाकही विसरले." बोलताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. बाजूच्या टेबलावरचा माणूस टाईप करायचा थांबला होता.

त्या बाईने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "मावशी, ऐका. विचारायचं नाही, मागायचं. गेट बंद करायचा आदेश निघाला असेल तर त्याची नक्कल मागा. बागेचा मंजूर नकाशा असतो, त्याची नक्कल मागा. कागद असेल तर आम्हाला द्यावा लागतो, नसेल तर नाही असं लिहून द्यावं लागतं."

मी ग्लास खाली ठेवला. "कसली मागू?"

"नक्कल. कॉपी हो, शिक्का मारलेली. कोर्टात मिळते ना लोकांना, तशी."

मी तिथेच खुर्चीवर बसले. खुर्ची कुणा दुसऱ्यासाठी ठेवलेली होती, पण कुणी उठवलं नाही.

हे कोर्टातली गोष्ट कधी घरी आणत नसत. लोकांचे तंटे उंबऱ्याबाहेर, असं त्यांचं म्हणणं. कोणत्या खोलीत बसतात, काय नेतात, आणतात, मी कधी विचारलं नव्हतं. एवढी वर्षं ज्या कोर्टात ते कागद वाहत होते तिथे लोकांना नकला काढून देतात, हे मला त्या दिवशी, परक्या बाईच्या टेबलाशी कळलं. ह्यांनी मला बरोबर शब्द दिला होता. त्यांना सापडलेला, अगदी जागचा शब्द. आणि मीच तो कागदावर न लिहिता त्यांच्या तोंडावर परत म्हणून दाखवत होते.

घरी आले तेव्हा वहिनी ह्यांना केळं भरवत होती. मी चपला न काढता पलंगाशी गेले.

"अहो, नक्कल म्हणजे कॉपी?"

मग डावा हात मांडीवर एकदा आपटून त्यांनी इतका लांब श्वास सोडला की वहिनीने घाबरून केळं बाजूला ठेवलं.

"हां," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुमच्या मागून बोलते ते तुम्हाला आवडत नाही. म्हणून मी गप्प झाले."

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या ओठांकडे बोट केलं आणि ते बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

वहिनी म्हणाली, "अरे माझ्या देवा, ह्या सगळा माझ्या तोंडामुळे," आणि पदराला नाक पुसत तिच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिने सोलकढी पाठवली, पण दोन दिवस काही बोलली नाही. तिच्यासाठी ते फार होतं.

दुसरा अर्ज आम्ही दोघांनी लिहिला. पाटावर नवा कागद घेतला. विषयाच्या जागी मी लिहिलं, "बागेच्या मागील गेटाबाबतच्या कागदांची नक्कल मिळणेबाबत." मिळणेबाबत हा शब्द कुठून सुचला कोण जाणे, सरकारी कागदांवर वाचलेला असेल. हे मान हलवत होते. पुढे लिहिलं, गेट बंद करण्याच्या आदेशाची नक्कल. हे म्हणाले, "सा…" मी पेन थांबवलं, त्यांच्यासमोर तोंड आणलं आणि म्हटलं, "सा."

"साक्षांकित," ते म्हणाले.

पूर्ण शब्द. कुठे न अडखळता. ज्या माणसाला चहा म्हणता येत नव्हता त्याच्या तोंडून हा शब्द बाहेर आला. मग मी म्हटलं, "साक्षांकित," आणि तो लिहिला. क्ष जरा मोठा झाला.

ह्या वेळी अर्ज द्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाला मी म्हटलं, "माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का द्या." ते ह्यांनी मला डाव्या हाताची मूठ शिक्का मारल्यासारखी पाटावर आपटून शिकवलं होतं.

उत्तर आलं. बागेच्या नकाशाची नक्कल होती, तिच्यावर गोल शिक्का आणि सही. चाळीच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, प्रवेशद्वार. आणि पत्रात लिहिलं होतं की सदर प्रवेशद्वार बंद करण्याबाबतचा कोणताही आदेश अभिलेखावर आढळून येत नाही. मला ते नीट कळलं नाही. ह्यांनी पत्रावरच्या त्या ओळीखालून बोट फिरवलं, "नाही" वर थांबले आणि हसले, तोंड एका बाजूला ओढून. मग मलाही कळलं. गेट बंद करा असं कुणी कधी लिहिलंच नव्हतं. कुणीतरी नुसते पत्रे ठोकले होते.

ती नक्कल जोडून मी गेट उघडून देण्याचा साधा अर्ज नेऊन दिला. उद्यान खात्याची बाई म्हणाली, "बसा मावशी, आज खांब मोकळा आहे." मी बसले. तिने अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि येताना मला म्हणाली, "थोडा वेळ लागेल हं." तो लागलाच. पण त्या दिवसांत आम्ही नकाशावरच्या बागेत बोट फिरवत होतो आणि घरात पुन्हा मागून बोलणं सुरू झालं होतं, दार सताड उघडं ठेवून.

एका सकाळी मागून धडाधड आवाज आला. वहिनी गॅलरीतून म्हणाली, "गो, पत्रो काढतत बघ."

दोन कामगारांनी एकच पत्रा काढला होता. बाकीचे नंतर काढू म्हणाले, आणि ते अजून तिथेच आहेत. पण लोखंडी गेटाचं एक दार उघडत होतं. माणूस आडवा होऊन आत जाऊ शकत होता, आणि दुसऱ्या माणसाने आतून हात दिला तर पाय ओढणारा माणूसही.

मी आधी आत गेले. मग ह्यांचा डावा हात धरून त्यांना आत घेतलं. लाद्यांचा ढीग कडेला सारलेला होता. पायवाटेवर पाला साचलेला, कुणी झाडलं नव्हतं. ताम्हणीच्या बुंध्यावरचा हिरवा पत्रा एका खिळ्यावर लोंबत होता, तो मी सरळ करून धरला.

ह्यांनी दम खाल्ला. बराच वेळ त्या अक्षरांकडे बघितलं.

"ता," म्हणाले. मग, "ताम्हण."

मला बोलता येईना. घसा फळ्यापुढे उभं राहिल्यासारखा बंद झाला होता. हे माझ्या तोंडाकडे बघत थांबले. पत्रा धरलेला माझा हात दुखायला लागला तरी थांबले.

"अगं," ते म्हणाले, "नक्कल."

मी म्हटलं, "ताम्हण."